तोमिकावाच्या कारखान्याचं कुलूप

आमच्या तळवली गावात एके काळी एका जपानी मोटार कंपनीचा इतिहास लहानथोरांच्या तोंडी होता. त्यातला निम्मा मी रचलेला होता. तेव्हा मी ठाण्याच्या कॉलेजात अकरावीला होते आणि घरात इंग्रजी वाचू शकणारी मी एकटीच, त्यामुळे मी जे वाचीन ते खरं. इतकी सत्ता पुढे आयुष्यात मला कधी मिळाली नाही, नोकरीत नाही, सासरी तर नाहीच.

गाडी आमच्याकडे आली ती बाबांच्या नोकरीमुळे. आमची भाताची खाचरं ठाणे-बेलापूर रस्त्यालगत होती. ती कारखान्यांत गेली आणि ज्या कंपनीचं गेट आमच्या बांधावर उभं राहिलं त्याच कंपनीत बाबा ड्रायव्हर झाले. तिथे यंत्रं बसवायला एक जपानी इंजिनिअर दोन वर्षं राहिला होता. त्याने आपली गाडी बोटीने आणली होती आणि ती बाबा चालवत. परत जाताना ती त्याने बाबांनाच देऊन टाकली. कागदपत्रं कशी झाली, कोण कोण आडवं आलं, ते लांबण इथे नको. एवढंच सांगते की एका दुपारी आमच्या अंगणात, जिथे आई सुकट वाळत घालायची तिथे, फिकट निळ्या रंगाची तोमिकावा उभी राहिली आणि आईने पहिला प्रश्न विचारला, "आता माझा जवला कुटं वालत घालू?" तो तिने गाडीच्या टपावर वाळत घातला. बाबा जेवायला बसले होते. बाहेर येऊन पाहिलं तेव्हा पत्रा चांगला तापलेला, जवळा खुटखुटीत वाळलेला आणि सगळी गाडी वासाने भरलेली. बाबा त्या दिवशी आईवर ओरडले. नंतर पापड चालतील, मासळी नाही, अशी तडजोड झाली.

गावात तिला तोमिकावा कोणी म्हटलं नाही. आमच्या आगरी बोलीत गाडीची गारी होते, तशी ती आधी जपानगारी झाली आणि मग नुसतीच जपान. "जपान कुटं गेला?" "जपान घनसोलीला गेलाय, पेशंट घेऊन." असं आमच्या अंगणात येऊन लोक विचारत आणि आई भाकरी थापता थापता सांगत असे. त्या काळी आपल्याकडच्या मोटारी सकाळी चार माणसांनी ढकलल्याशिवाय जाग्या होत नसत. जपान एका चावीत चालू होई. सुरुवातीला पोरं नुसती ते बघायला येत. बाबा चावी फिरवत, इंजिन लागे, बाबा बंद करत, पुन्हा फिरवत. दरवाजा लावल्याचा आवाजही वेगळा होता, भरलेल्या कणगीवर झाकण बसावं तसा जड आणि नेमका. मोठे काका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, ते तो आवाज ऐकायला दरवाजा दोनदा लावत आणि वर म्हणत, "पत्रा तर पातलच वाटतंय."

बाबांचा जपानवरचा विश्वास मात्र गाडीच्या आधीचा होता. ते तरुण असताना शेतकी खात्याचा माणूस गावात आला होता आणि भातलावणीची जपानी पद्धत दाखवून गेला होता. रोपं मूठभर फेकल्यासारखी लावायची नाहीत, दोरी धरून ओळीत, ठरावीक अंतरावर लावायची. आजोबा हसले होते. बाबांनी हट्टाने एक खाचर दोरी धरून लावलं आणि त्या वर्षी त्याच खाचराला सगळ्यांत जास्त भात आलं. खाचर गेलं, दोरी गेली, पण जपानी माणूस सांगतो ते होतं, हे बाबांच्या मनात पक्कं बसलं.

गाडीच्या पुढच्या कप्प्यात एक पुस्तक होतं, इंग्रजीत. पुढची पानं गाडीची निगा कशी राखावी याची, मागची कंपनीच्या इतिहासाची. संध्याकाळी कारखान्यांचे भोंगे होऊन गेले, भाकरी आणि खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण पोटात गेलं, की बाबा ओटीवर बसत आणि म्हणत, "हां, वाच. मना सांग." निगा राखायची पानं त्यांना नको होती. "गारी कशी राखायची ती मना कलते. मानूस सांग." म्हणून मी मागून सुरुवात केली.

पहिली काही पानं सोपी होती. तोमिकावा नावाचा सुतार एका नदीकाठच्या गावात राहत होता. तो पायाने चालवायची भाताची मळणी यंत्रं बनवायचा. हे ऐकून बाबा उठून बसले. "भातवाला मानूस हाय!" त्यांनी आईला हाक मारून सांगितलं. मग लढाई झाली, गाव जळलं, आणि तोमिकावाने यंत्राच्या लाकडी सांगाड्याला इंजिन आणि तीन चाकं लावून भाताची पोती वाहायची गाडी केली. इथवर मी जे सांगितलं ते पुस्तकातलं होतं. पुढचं पान मात्र बारीक अक्षरांचं, लांबलचक वाक्यांचं निघालं. मला ओळीतले चार शब्द लागत आणि आठ लागत नसत. बाबा वाट बघत होते. येत नाही म्हणायची मला लाज वाटली. कॉलेजला जायला म्हणून मला नवी चप्पल घेतली होती, एसटीचा पास काढला होता, आणि मला पान वाचता येत नव्हतं. मी पानावर बोट ठेवलं आणि सांगू लागले.

एकदा सुरुवात झाली की बोट आपोआप सरकतं. मी तोमिकावाला एक म्हातारी आई दिली. त्याला पावसात डोंगरावर गाडी घेऊन पाठवलं. आणि एका संध्याकाळी, बाबांचा चेहरा फारच खुलला होता म्हणून, मी त्याच्या तोंडी एक वाक्य घातलं. पहिली मोटार कारखान्याच्या दारातून बाहेर पडली तेव्हा म्हाताऱ्या तोमिकावाने कामगारांना जमवून सांगितलं, 'ज्या दिवशी आपली गाडी वाटेत थांबेल त्या दिवशी मी या कारखान्याला कुलूप लावीन.' बाबांनी मांडीवर थाप मारली. मग म्हणाले, "शब्दाचा मानूस."

दुसऱ्या दिवसापासून ते वाक्य गावभर झालं. बाबा ते पाणवठ्यावर सांगत, कंपनीच्या गेटवर सांगत, गाडीत बसलेल्या प्रत्येकाला सांगत. मला वाईट वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला मजा वाटली.

माझ्या जावयाकडे आज तोमिकावाच आहे. कामोठ्यात आमच्या सोसायटीतल्या पार्किंगमध्ये त्या कंपनीच्या नऊ गाड्या आहेत आणि त्यांच्या मालकांचा मोबाइलवर ग्रुप आहे. ते एकमेकांना ॲव्हरेज कळवतात, एवढे किलोमीटर झाले तरी काही काम निघालं नाही असे काट्याचे फोटो टाकतात. मी ते वाचते. मला वाटतं, इतर गाड्यांवर माणसं त्यांच्या रूपासाठी, वेगासाठी जीव लावतात. हिच्यावरचं प्रेम हे काही न घडण्यावरचं प्रेम आहे. आमच्या गावाला ते तेव्हाच कळलं होतं, फक्त गावाने त्याचा उपयोग आपल्या पद्धतीने केला.

तो उपयोग म्हणजे लग्नं. नवरदेवाची गाडी वाटेत बंद पडली तर संसार अडखळतो अशी आमच्याकडे समजूत, आणि त्या काळच्या गाड्या तर बंद पडण्यासाठीच निघत. त्यामुळे जपान आल्यावर नवरदेव दुसऱ्या गाडीत बसेना. नवरदेवाच्या गाडीला हार घालायचा मान आत्यांचा. सख्ख्या, चुलत, मावस, मानलेल्या, जेवढ्या आत्या तेवढे हार, आणि एकीचाही हार बाजूला ठेवायचा नाही. ठेवला तर ती पुढची दहा वर्षं दारात पाय ठेवत नाही. साध्या घरात चार-पाच आत्या असत, तेवढं जपान सहन करी.

मग मोठ्या काकांच्या हरीदादाचं लग्न निघालं. मुलगी कामोठ्याची. आमचं घराणं मोठं, हरीदादाला आत्या अकरा. मे महिना होता. सकाळी अंगणात एकेक आत्या आपला हार घेऊन आली आणि प्रत्येकीचा हार आधीच्या हारापेक्षा जाड निघाला. झेंडू, शेवंती, वर जरीची किनार. बाबांनी ते सगळे गाडीच्या तोंडावर, पुढच्या जाळीवर, एकावर एक बांधले. दिवेसुद्धा दिसेनासे झाले. मी बाजूला उभी होते. पुस्तकातल्या पुढच्या, आम्ही न वाचलेल्या पानांपैकी एका पानावर गाडीच्या तोंडाचं चित्र होतं, जाळीवर कापड टाकलेलं आणि त्यावर मोठी फुली. पानं उलटताना मी ते कित्येकदा पाहिलं होतं. ते मला त्या वेळी आठवलं का, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. आठवलं होतं. पण सातव्या नंबरची आत्या हार घेऊन रांगेत उभी असताना, तुमचा हार काढा, असं म्हणणारी पोरगी आमच्या गावात अजून जन्मायची होती.

गावातून वाजतगाजत निघायला तास गेला. पुढे बँड, नाचणारे, आणि मागे माणसाच्या चालीने जपान. मागच्या सीटवर नवरदेव, त्याच्या एका बाजूला लग्नाचे धवले गाणारी धवलारीण आणि दुसऱ्या बाजूला करवली म्हणून मी. मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत गाडीत भट्टीसारखं झालं होतं. बेलापूर मागे पडल्यावर मला बाबांच्या खांद्यावरून इंजिन किती तापलंय ते दाखवणारा काटा दिसला, लाल पट्ट्याच्या पार वर टेकलेला.

"बाबा, काटा लाल झालाय."

"झाला तर झाला. जपान थांबत नाय. म्हाताऱ्यानं सांगलंय ना?"

धवलारीण गात होती. मला अजून एकदा बोलता आलं असतं, पण बोलायचं म्हणजे सगळंच बोलावं लागलं असतं. अर्ध्या मैलावर झेंडूच्या फुलांतून वाफ यायला लागली, मग धाडकन काहीतरी वाजलं आणि जपान थांबला. धवलारीणही थांबली.

नवरदेव कामोठ्याला पोचला तो मंडपाच्या खुर्च्या घेऊन चाललेल्या टेंपोत, त्यातलीच एक खुर्ची उघडून तिच्यावर बसून, मुंडावळ्या एका हाताने धरून. लग्न लागलं, मुहूर्त टळला तरी लागलं. हरीदादाचा संसार पुढे व्यवस्थित झाला, हेही नोंदवून ठेवते. पण मोठे काका मंडपातच बाबांना म्हणाले, "जपान जपान करून माझा नाक कापलास." बाबांनी मान खाली घातली. अकरा आत्या कोणाच्या हाराची नजर लागली यावर कुजबुजत होत्या. गाडी ओढून तुर्भ्याला नेली. तिथल्या मेस्त्रीने वाळलेले हार उपसून काढले, एकेक करत शेजारी ढीग लावला आणि बाबांकडे बघून म्हणाला, "गाडी का क्या कसूर? नाक-मुँह बंद करके दौडाया तुमने."

मला वाटलं होतं बाबा गाडीमुळे खचतील. तसं झालं नाही. मेस्त्रीने इंजिन उघडून महिनाभरात दुरुस्त केलं. बाबांना खात होती ती वेगळीच गोष्ट. एका संध्याकाळी मोठे काका समेटाला आले होते. आईने चहा केला होता. बाबा एकदम म्हणाले, "दादा, तो म्हातारा आता कारखान्याला कुलूप लावल."

काका हसायला लागले. "आरं, त्याला कलनार कसा? तो तिकरं समुद्रापल्याड."

"त्याला नाय कलनार. आपल्याला कललंय ना? गारी थांबली ती आपल्या हारांनी थांबली. त्याची चूक नाय. त्याच्या कारखान्यात मानसं असतील. त्यांनी कुटं जायाचा?"

काकांचं हसू थांबलं. या रस्त्यावर गेट बंद झालं की काय होतं हे दोघांनाही ठाऊक होतं. बाबा माझ्याकडे वळले. "पुस्तकावर पत्ता असंल. लिव."

त्या क्षणी मी सांगायला हवं होतं. मी वही आणली. बाबा सांगत गेले आणि मी मला येत होतं तेवढ्या इंग्रजीत लिहीत गेले. श्री. तोमिकावा यांस नमस्कार. तुमची गाडी आमच्या पुतण्याच्या लग्नात थांबली. ती तुमच्या चुकीने थांबली नाही. आमच्यात आत्यांचा हार नाकारता येत नाही आणि आत्या अकरा होत्या. गाडी वाटेत थांबली तर कारखान्याला कुलूप लावीन, हा तुम्ही दिलेला शब्द मोडला असं धरू नये. कारखाना चालू ठेवावा. आम्हीही भातवाले आहोत. माझी आशा होती की पाकीट माझ्याकडे देतील आणि मी ते कुठेतरी दडपीन. पण बाबा ते स्वतः ठाण्याला घेऊन गेले, मोठ्या पोस्टात, आणि शिक्का मारताना बघून आले.

उत्तर श्रावणात आलं. पोस्टमन ते हातात उंच धरून सगळ्या गावातून आला. बाबांनी ते कामावरून येईपर्यंत फोडू दिलं नाही, जेवण होईपर्यंतही नाही. मग ओटीवर बसले आणि पाकीट माझ्या हातात दिलं. "वाच."

मी आधी मनात वाचलं. सोपं इंग्रजी होतं, कोणीतरी आमच्या पत्राकडे बघून मुद्दाम सोपं लिहिलं असावं. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. मी काहीही सांगू शकत होते. म्हाताऱ्याने क्षमा केली, कारखाना चालू आहे, एवढं म्हटलं असतं तरी बाबा पत्र देव्हाऱ्यात ठेवून निवांत झाले असते. पण तेव्हा मला कळलं की हा माणूस मी सांगेन त्यावर झोपेल आणि मी सांगेन त्यावर जागा राहील. मी पहिल्या शब्दापासून जसंच्या तसं सांगायला सुरुवात केली.

तुमच्या पत्राने आमच्या कार्यालयात सर्वांना आनंद झाला. आमचे संस्थापक पुष्कळ वर्षांपूर्वी वारले. आपण लिहिलेलं कुलपाचं वाक्य आम्ही आमच्या सर्व कागदपत्रांत शोधलं, ते कुठेही सापडलं नाही, त्यांनी असं काही म्हटल्याचं कोणाला आठवत नाही. आपल्याकडच्या पुस्तकात उलट अशी हकीकत आहे की आमची पहिली मोटार पहिल्याच दिवशी, गावाबाहेरच्या पुलावर बंद पडली, आणि संस्थापकांनी ती दोन कामगारांबरोबर ढकलत परत आणली. जाळी झाकू नये, याबद्दल कृपया पुस्तकातली सूचना पाहावी.

आत आईच्या हातातल्या ताटाचा आवाज थांबला.

"थांबली हुती?" बाबांनी विचारलं. "त्याची सोताची?"

"हो."

"आनी त्यानं ढकलली?"

"हो."

"मंग कुलूप?"

"ते मी बनवलं, बाबा. पान येत नव्हतं मला."

मी मार खायची तयारी केली होती, पण मार बसला नाही. बाबा उठले, चपला घातल्या आणि मला म्हणाले, "चल." आम्ही मोठ्या काकांच्या ओटीवर गेलो. तिथे रोजची सात-आठ माणसं बसलेली होती, त्या सगळ्यांना बाबांनी ते वाक्य कितीदा तरी ऐकवलं होतं. बाबा उभ्यानेच म्हणाले, "त्या म्हाताऱ्याचा कुलपाचा सांगलेला ना मी, तसा काय नाय हाय. त्याची पयली गारी पुलावर बंद परली हुती. पोरगी बरोबर वाचत हुती. माज्याच ऐकन्यात चूक झाली."

माणसं हसली. काका म्हणाले, "आता कानबी गेलं काय रं तुजं?" बाबाही हसले. मी बाबांच्या मागे उभी होते. मी तोंड उघडलं नाही.

घरी परतल्यावर त्यांनी पुस्तक माझ्या पुढ्यात ठेवलं. "पयल्या पानापासून. निगा राखायची पानं बी. आनी येत नाय तितं येत नाय म्हनायचा." पहिल्याच ओळीत मी दोनदा येत नाही म्हटलं. बाबा दोन्ही वेळा म्हणाले, "बरं. फुडं." ते पुस्तक संपायला दिवाळी आली. माझं इंग्रजी जे काय आहे ते त्या तीन महिन्यांतलं आहे.

जपान पुढे बरीच वर्षं चालला, एका हाराने नवरदेव नेत राहिला. पण गावात बाबांचं नाव त्या संध्याकाळपासून बहिरा पडलं. आधी काकांनी चेष्टेने म्हटलं, मग सगळ्यांनी. लग्नपत्रिकेवर खरं नाव असे, बोलावणं मात्र बहिऱ्याच्या घरी जाई. लोक त्यांच्याशी मोठ्याने बोलत आणि ते तसंच ऐकून घेत, कधी कधी कानाला हात लावून पुन्हा विचारत. पुतण्यांची मुलं आजोबांना ऐकू येत नाही असं धरूनच मोठी झाली. मला नोकरी लागली, माझं लग्न झालं, मी गावात दर सणाला जात राहिले. काका गेले, त्या ओटीवरची एकेक माणसं गेली, आणि खरं सांगावं असं कोणी हळूहळू उरलंच नाही. बाबांच्या दहाव्याला कोणीतरी चांगलं बोलायचं म्हणून उठून म्हणालं, कानाने अधू होता बिचारा, पण मनाने साफ. मी समोरच बसले होते.

बाबा अंगणाच्या टोकाला बसून, नुसत्या आवाजावरून, रस्त्याने जाणाऱ्या गाडीच्या इंजिनाचं कुठलं नळकांडं नीट पेटत नाही ते सांगत. त्यांचे कान शेवटपर्यंत चांगले होते.